मायना बदलला की कळायचं

अकोल्याजवळच्या कुंभारीला १७७३ मध्ये लढाई झाली, आणि दोन्हीकडे भोसलेच होते. नागपूरकर जानोजी वारले आणि त्यांचे भाऊ मुधोजी आणि साबाजी गादीसाठी भिडले. जानोजींची बायको दर्याबाई साबाजीच्या बाजूने. घरातलं भांडण, पण तुडवला गेला वऱ्हाड. १७७५ मध्ये पाचगावला साबाजी मारला गेला तेव्हा कुठे ते मिटलं. त्याच काळात पुण्यात नारायणरावाचा खून झाला होता आणि राघोबादादा विरुद्ध बारभाई असा सामना लागला होता. म्हणजे मराठी राज्यातली दोन मोठी घरं एकाच वेळी आतून पेटलेली.

या यादवीत माणसं घरी काय लिहीत होती हे बघायचं तर वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'कडे जावं लागतं. मिरजेच्या या शाळामास्तरांनी १८९७ पासून पटवर्धन घराण्याची पत्रं छापायला घेतली ती १९२४ मध्ये मरेपर्यंत. इतिहासवाले हे खंड तारखा जुळवायला उघडतात. मी ते घरची पत्रं म्हणून वाचले, आणि माझं मत असं की मराठी गद्यातल्या फार मोठ्या पुस्तकांत त्यांची गणना व्हायला हवी.

पहिली पन्नास पानं कंटाळा येतो, हे आधीच सांगते. तेच साष्टांग नमस्कार, तेच क्षेम, तेच 'बहुत काय लिहिणे'. मुक्काम कुठे, वैरण मिळते का, कर्ज किती झालं. पण हळूहळू कान तयार होतो. भीती वाटते असं कोणी सहसा लिहीत नाही. मग पैशाची निकड दोनदा येते, किंवा उत्तर लवकर पाठवा म्हणून आग्रह होतो, आणि आपण ओळखतो. आपण नाही का, 'जेवलास का?' एवढंच पाठवून ब्लू टिकची वाट बघत बसतो!

पांडुरंगराव पटवर्धनांचंच बघा. हैदर अलीने राघोबाचा पक्ष धरला होता, म्हणून पुण्याच्या भांडणाची झळ थेट कर्नाटकात पोचली. १७७७ च्या जानेवारीत सावंशीच्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन पडले आणि पांडुरंगराव कैद झाले. पुढे श्रीरंगपट्टणला कैदेतच वारले. त्यांचा मुलगा चिंतामणराव, म्हणजे पुढे सांगली वसवणारा, तेव्हा अगदी लहान. पडलेल्या माणसापेक्षा धरलेल्या माणसाबद्दल लिहिणं अवघड. तो आहे की नव्हता, कोणत्या काळात लिहायचं?

या पत्रव्यवहाराचं व्याकरणच क्रूर आहे. नवरा असेतो बाई 'सौभाग्यवती', गेला की 'गंगाभागीरथी'. मजकुरात काय लिहिलंय ते नंतर, बातमी मायन्यातच. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंची बायको पार्वतीबाई यांनी वैधव्य मानलंच नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या तोवर बावीस वर्षं त्यांचा मायना बदलला नाही. मधल्या काळात तोतया उभा राहिला आणि त्याला माणसं मिळाली, ती अशाच न बदललेल्या मायन्यांमुळे, असं मला वाटतं.

खऱ्यांच्या खंडांबद्दल माझी एक तक्रार आहे. पत्रं तारखेने लावलेली, त्यामुळे एका माणसाचा माग काढायचा तर पानं सतत मागेपुढे करावी लागतात, आणि राजकारणाच्या गर्दीत घर हरवतं. कोणीतरी यातून एकट्या पांडुरंगरावांची पत्रं वेगळी काढून, सोप्या टिपा देऊन छापायला हवीत. दोनशे पानांचं पुस्तक होईल, आणि फोनवर वाचणाराही शेवटपर्यंत वाचेल.

दुसरी गोष्ट खऱ्यांच्या हातातली नव्हती. हे सरदारांचं घर. पदरी कारकून, मोडी लिहिणारे, जासूद. कुंभारीला मेलेल्या बारगिराच्या घरी कोण लिहिणार? बारगीर म्हणजे मालकाच्या घोड्यावर बसणारा शिपाई. घोडा मालकाचा, म्हणून घोडा पडला की त्याचा हिशेब कागदावर चढे. माणसाचा निरोप तोंडी जाई, त्याच गावचा कोणी परत निघाला असेल तर.