संपीडित एनएफटीचा ओळखक्रमांक : एका निदानाची चिकित्सा

सोलाना साखळीवर संपीडित एनएफटी मिंट होते, परंतु तिचा ओळखक्रमांक हाती येत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे खापर बहुधा साखळीच्या मंदगतीवर फोडले जाते. आमच्या मते हे निदान अपुरे आहे.

सामान्य एनएफटीस स्वतःचे मिंट-खाते असते व त्याचा पत्ता हाच तिचा ओळखक्रमांक होय. संपीडित एनएफटीस असे खाते नसते. ती मर्कल वृक्षाचे एक पर्ण असते. बबलगम प्रणाली वृक्षाचा पत्ता आणि पर्णाचा अनुक्रमांक या दोहोंवरून तिचा ओळखक्रमांक सिद्ध करते. नवी मुंबईच्या वाचकास हे परके वाटू नये. सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापुरातही. नोडचे नाव गाळलेला पत्ता जसा व्यर्थ, तसाच वृक्षावाचून अनुक्रमांक.

दोष तीन ठिकाणी संभवतो. पहिला काळाचा. व्यवहार ‘कन्फर्म्ड’ होताच चौकशी केली, परंतु तीत पातळी नमूद केली नाही, तर ‘फायनलाइज्ड’ ही पातळी गृहीत धरली जाते आणि उत्तर रिक्त येते. दुसरा वाचनाचा. अनुक्रमांक व्यवहाराच्या अंतर्गत सूचनांतून वाचावयाचा असतो. एनएफटी थेट संग्रहात मिंट केल्यास त्या सूचनांची मांडणी बदलते व साध्या मिंटसाठी रचलेले वाचनसाधन तेथे निरुपयोगी ठरते. तिसरा अनुमानाचा. वृक्षावरील गणक पाहून पुढील अनुक्रमांक आधीच योजला आणि मध्यंतरी दुसऱ्या कोणाची एनएफटी मिंट झाली, तर परक्या वस्तूचा ओळखक्रमांक आपला म्हणून नोंदला जातो.

मंदगतीचे निदान फार तर पहिल्या दोषास लागू पडते; आणि तेथेही चूक प्रश्नातच असते. तिसरा दोष सर्वांत घातक होय, कारण तो कोणतीही त्रुटी दर्शवीत नाही. उत्तर येते, परंतु ते दुसऱ्याचे असते.

या भेदाची उपेक्षा महाग पडते. रिक्त उत्तरास अपयश समजून जो पुन्हा मिंट करतो, त्याच्या हाती एकाच प्रमाणपत्राच्या दोन एनएफटी येतात. दोन्ही वैध, दोहोंचे ओळखक्रमांक भिन्न. म्हणून नियम असा असावा : व्यवहाराची स्वाक्षरी जपून ठेवावी, योग्य पातळी सांगून वाचन पुन्हा करावे, व्यवहार अयशस्वी झाल्याचे सिद्ध होईपर्यंत मिंट मात्र पुन्हा करू नये.