महाप्रस्थानातील कुत्रा आणि संहितेत नसलेला बर्फ

भंडाऱ्यातील पदव्युत्तर मराठीच्या एका वर्गात महाप्रस्थानिक पर्वाचा गद्य अनुवाद वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले होते. पुस्तक मिटून, पांडव ज्या वाटेने गेले त्या वाटेचे वर्णन चार वाक्यांत लिहायचे. बहुतेक सर्वांनी बर्फ लिहिला. कोणी गुडघाभर लिहिला, कोणी द्रौपदीचा पाय त्यात घसरवला. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही बर्फाची वाट प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. या जिल्ह्यात गायखुरीच्या डोंगररांगा आहेत, तुमसरजवळ आंबागडचा किल्ला आहे, जानेवारीच्या पहाटे कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर धुके उतरते. बर्फ मात्र रसवंतीत आणि लग्नाच्या मांडवात, लादीच्या रूपातच भेटतो.

पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा असे दिसले की, तो बर्फ संहितेतही नाही. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे संपूर्ण पर्व तीन अध्यायांचे, शंभराहून थोड्याच अधिक श्लोकांचे आहे. त्यात पांडव आधी पूर्वेला लौहित्यापर्यंत जातात, तेथे अग्नी वाट अडवून अर्जुनाला गांडीव टाकायला लावतो; मग दक्षिण, मग पश्चिमेला समुद्राने गिळलेली द्वारका, आणि शेवटी उत्तर. हिमवान पर्वत येतो, पण तो ओलांडून होतो, एवढ्यापुरताच. त्यानंतर येतो वाळूचा समुद्र, आणि पुढे मेरू. द्रौपदी कोसळते ती हिमवान मागे टाकल्यावर. म्हणजे ज्या दृश्याला आपण महाप्रस्थान म्हणून ओळखतो, ते रविवर्म्यानंतरच्या चित्रांनी, दिनदर्शिकांनी, कीर्तनाने आणि दूरदर्शनच्या पडद्याने घडवलेले आहे. वोल्फगांग इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो, त्या आपण बर्फाने भरल्या.

हे भरणे निरुपद्रवी असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु बर्फ आला की पडण्याला भौतिक कारण मिळते: थंडी, थकवा, घसरडी वाट. संहितेला हे कारण नको आहे. तेथे प्रत्येक पडण्यापाशी भीम थांबतो, ‘का?’ असे विचारतो, आणि युधिष्ठिर मागे न पाहता दोष सांगतो: द्रौपदीचा अर्जुनाविषयीचा पक्षपात, सहदेवाचा बुद्धीचा गर्व, नकुलाचा रूपाचा, अर्जुनाचा शौर्याचा, आणि खुद्द भीमाचा खादाडपणा व बळाची बढाई. ही निकालांची यादी ऐकताना अस्वस्थ व्हावे, अशीच तिची रचना आहे. बर्फ ती अस्वस्थता शमवतो. दोष निसर्गावर ढकलला की निकाल देणाऱ्याचा कोरडेपणा दिसेनासा होतो. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (1967) द्रौपदीवरील लेखाचा शेवट याच वाटेवर होतो. पडलेल्या बाईजवळ कोण थांबले आणि कोण पुढे गेले, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मराठीत हा कोरडेपणा इतक्या जवळून फार थोड्यांनी पाहिला आहे.

आता कुत्रा. हस्तिनापुरातून निघताना पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा अशी मोजणी होते. तो कोणाचा, कोठून आला, सांगितलेले नाही. पुढे त्याच्याविषयी जवळजवळ काहीच येत नाही. भीमही पडल्यावर निवेदक म्हणतो की, आता एक कुत्राच मागे होता, ज्याच्याविषयी मी तुला पुष्कळदा सांगितले आहे. हे विधान विलक्षण आहे, कारण सांगितलेले पुष्कळदा नाही. जेमतेम एकदोन ओझरते उल्लेख आहेत. व्यासांच्या रचनेत असा शब्द केवळ वृत्तपूर्तीसाठी आला असेल, असे म्हणून ते उडवून लावता येईल. मला ते तसे वाटत नाही. कारण हे वाक्य ज्याला उद्देशून आहे तो श्रोता जनमेजय आहे. आदिपर्वाच्या आरंभी याच जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी सरमेच्या पिलाला मारले होते. पिलाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेदेखील नव्हते. सरमेने कारण विचारले, कोणी उत्तर दिले नाही, आणि अदृष्ट भय येईल असा शाप देऊन ती गेली. वैशंपायन महाप्रस्थानातला कुत्रा सांगतो तो याच माणसाला. ‘पुष्कळदा’ या शब्दाचा भार त्या कुत्र्यावर नसून ऐकणाऱ्यावर आहे.

या दोन टोकांमध्ये आणखी एक कुत्रा आहे, आणि तो आपल्या चर्चांत एकलव्याच्या अंगठ्याखाली झाकला जातो. पांडवांच्या शिकारीबरोबर रानात गेलेला हा कुत्रा एका काळ्या, मळलेल्या, मृगाजिन पांघरलेल्या माणसावर भुंकतो. राजवाड्याचा कुत्रा राजवाड्याची नजर घेऊनच रानात आला आहे. एकलव्य बाणांनी त्याचे तोंड भरतो. कुत्रा म्हटले की एकच एक करुण प्रतिमा हाती धरण्याची आपली सवय येथे टिकत नाही.

शेवटचा संवाद सर्वपरिचित आहे, तरी त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर कुत्र्यालाही घ्या म्हणतो. इंद्र नियम सांगतो: कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात स्थान नाही. ज्या भाषेत ‘श्वपच’ ही जातीची शिवी होऊ शकली, त्या भाषेच्या वाचकाला हा नियम कुठे बोचतो हे वेगळे सांगायला नको. युधिष्ठिर आनृशंस्याचा, म्हणजे निष्ठुर न होण्याचा, आधार घेतो. भक्ताचा त्याग हे ब्रह्महत्येसारखे पाप मानतो. मग इंद्र नेमके बोट ठेवतो: भावांना आणि द्रौपदीला टाकून आलास, मग कुत्राच का नाही? उत्तर येते: ते मेले होते, जिवंतपणी मी त्यांना टाकले नाही. हे उत्तर तर्काला पुरते, मनाला पुरत नाही. आणि येथेच कुत्रा धर्म होऊन प्रकट होतो, द्वैतवनातल्या जुन्या परीक्षेची आठवण देतो, संवाद संपतो.

वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला: “सर, तो कुत्रा धर्म निघाला नसता तर?” मोहफूल वेचायला पहाटे रानात जाताना ज्याच्या घरचा कुत्रा पुढे चालतो आणि अस्वलाची चाहूल आधी देतो, अशा मुलाचा हा प्रश्न होता. त्याला त्या वाटेवर एक कुत्राच दिसत होता.

प्रश्नाने माझे वाचन उलटे झाले. आपण समजतो की प्रकटीकरणाने युधिष्ठिराची सुटका होते. खरे तर सुटका इंद्राची होते. कुत्रा कुत्राच राहिला असता तर नियम मोडावा लागला असता, किंवा रथ रिकामा परतला असता. धर्म प्रकट झाल्यामुळे नियम अबाधित राहतो. स्वर्गात कोणताही कुत्रा गेला नाही. स्वर्गारोहण पर्वात त्याचा शोधही कोणी घेत नाही. भावांचा आणि द्रौपदीचा मात्र युधिष्ठिर घेतो.

मराठी मनाला हे उशिरा दिसते, याचे एक कारण आपल्या संतचरित्रांत असावे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणीच भेटतात. त्या कथेत नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल आधी दिसतो, मग ते धावतात. तीच दृष्टी आपण महाप्रस्थानाला लावतो आणि दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतो. युधिष्ठिराला काहीही दिसलेले नाही. त्याने थांबवलेला रथ एका सामान्य, निनावी, मागे मागे आलेल्या प्राण्यासाठी थांबवला आहे. नामदेवांची कथा भक्तीची आहे. ही त्याहून रुक्ष आहे, आणि माझ्या मते नैतिकदृष्ट्या अधिक कठीण.

अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये (2004) मुंबईच्या रस्त्यातल्या एका वाहतूक बेटावर पडलेला एक भटका कुत्रा आपले पितृकुळ थेट या महाप्रस्थानातल्या कुत्र्याशी जोडतो. कविता इंग्रजीतली आहे, म्हणून आपल्या समीक्षेने तिची फारशी नोंद घेतली नसावी. वंश सांगायचा तर आधी कुत्रा खरोखरीचा असावा लागतो. मायेने घेतलेल्या रूपाला पिले होत नाहीत.