चेहरा वाचणारं यंत्र आणि आपले कषाय

माझी भाची हुबळीच्या एका ऑफिसात नवीनच लागली आहे. मागच्या रविवारी रायापूरला आली ती हिरमुसूनच. प्रशिक्षणात डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून आभासी गिऱ्हाइकाशी बोलायचं होतं. शेवटी निकाल आला, 'चेहऱ्यावर राग.' "मावशी, मला राग आलाच नव्हता गं. मराठीतलं वाक्य मनात इंग्रजीत करत होते, म्हणून कपाळाला आठी पडली."

हेडसेटनं डोळे झाकले जातात. म्हणून २०२२ साली आलेल्या मेटा क्वेस्ट प्रोसारख्या हेडसेटमध्ये कॅमेरेच बसवले. भुवई, पापणी, ओठ हलले की ते टिपतात आणि आभासी जगातली आपली बाहुली तशीच हसते. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या पायरीची. हालचाल टिपणं वेगळं आणि तिला भावनेचं नाव देणं वेगळं.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. राग, भीती, किळस, दुःख, आनंद, आश्चर्य या सहा भावना जगभर सारख्याच दिसतात, असं एकमन यांचं म्हणणं. पुष्कळ यंत्रं हीच यादी धरून चालतात. पण लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली आधीचं संशोधन तपासून दाखवलं, की रागात माणूस दर वेळी आठी घालत नाही, आणि आठी दिसली म्हणजे राग असतोच असंही नाही.

आपल्याला हे नवं वाटू नये. पाठशाळेत पंचवीस कषाय आपण पाठ केलेत. क्रोध, हास्य, शोक, भय, जुगुप्सा हे त्या सहांच्या यादीशी साधारण जुळतात. पण मान, माया, लोभ कुठं आहेत? माया म्हणजे कपट, ते तर गोड चेहऱ्यानंच होतं. क्रोधाचेही चार प्रकार सांगितलेत, दगडावरच्या, जमिनीवरच्या, धुळीतल्या आणि पाण्यावरच्या रेघेसारखे. मुलावर ओरडलेली आई जेवायच्या वेळेला सगळं विसरते. दहा वर्षांची अढी धरलेली जाऊ हसत हसत श्रीखंड वाढते. कॅमेऱ्याला पहिलीचा राग दिसेल, दुसरीचा नाही.

आणि आपण बायका? पाहुणे आले की डोळे पुसून चहाचं आधण ठेवतो. त्या हसण्याची नोंद 'आनंद' अशी होणार. यंत्र चुकतं याहून मला भीती वाटते ती वेगळीच. पगारासाठी आमच्या मुली यंत्राला आवडेल असा चेहरा करायला शिकतील. घरात आम्ही तेच शिकलो, पण निदान त्याचे गुण कुणी मांडले नाहीत.

दुसऱ्याचं मन जाणणाऱ्या ज्ञानाला आपल्याकडं मनःपर्ययज्ञान म्हणतात. ते संयमी मुनींनाच होतं. आधी संयम, मग ज्ञान. बाजारात हा क्रम उलटा झालाय. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजात भावना ओळखणाऱ्या यंत्रांना मनाई केली, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं तेवढी वगळून. आपल्याकडंही असा संयम हवा.

भाचीला म्हटलं, "हे टिपण किती दिवस ठेवणार, कोण बघणार, एवढं लेखी विचार." तिनं विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.