‘सुधारणा आवश्यक’ : शेऱ्यांच्या भाषेविषयी

कवितेच्या एका ओळीवर आपण तासभर बोलतो. आज तितक्याच बारकाईने आपण शिक्षकाने विद्यार्थ्याला लिहिलेला शेरा वाचणार आहोत. त्याला साहित्य कुणी म्हणत नाही, पण पुष्कळ घरांत मुलाविषयी शाळेकडून येणारा लेखी मजकूर तेवढाच असतो.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगलीच होती. मुलाला नेमकं काय येतं हे आकडा सांगत नाही, वाक्य सांगू शकतं. पण प्रत्यक्षात वाक्यं कोणती आली? ‘वर्गात लक्ष देत नाही.’ ‘वाचनात चुका करतो.’ ‘हस्ताक्षर सुधारावे.’ ‘सराव आवश्यक.’ ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने यातलं काहीतरी वाचलेलं असणार.

आता यांचं व्याकरण पाहू. ‘चुका करतो’ हा साधा वर्तमानकाळ आहे. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ म्हणतो, तसंच. एका मंगळवारी एका उताऱ्यात झालेल्या चुका या क्रियापदाने मुलाचा स्वभाव होऊन बसतात. ‘काल जोडाक्षरांपाशी तीनदा अडखळलास’ असं लिहिलं, तर चूक तेवढीच राहते, पण ती कालची राहते. ‘सुधारावे’ हा विध्यर्थ. कुणी, कसं, कधीपर्यंत, याचा पत्ता नाही. आणि ‘सराव आवश्यक’ मध्ये तर माणूसच नाही. शेरा मुलाविषयी आहे, मुलाशी बोलत मात्र नाही. स्वर म्हणजे काय, तर हेच. स्वर गोड शब्दांत नसतो, वाक्य कुणाकडे तोंड करून उभं आहे यात असतो.

म्हणूनच ‘छान’, ‘उत्तम’, ‘शाब्बास’ यांनीही काम भागत नाही. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांच्या 1988 मधल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त कामाविषयीचा शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी टिकली, वाढली. गुण शेजारी आले की शेऱ्याचा फायदा जवळजवळ गेला. 1996 मध्ये क्लुगर आणि डेनिसी यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायाने कामगिरी उलट घसरलेली दिसली. लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं, की अभिप्राय निकामी होत जातो, असा त्यांचा निष्कर्ष. आपले ‘हुशार आहे’ आणि ‘आळशी आहे’ दोघेही याच खड्ड्यात पडतात.

कुणी म्हणेल, ‘लाल शाईनेच आम्ही घडलो, आता मुलांना फुलासारखं जपायचं का?’ आक्षेप रास्त आहे. पण आमचं म्हणणं कडकपणाविरुद्ध नाहीच. 47 आणि 38 ची बेरीज मुलाने 75 केली. ‘निष्काळजी’ हा शेरा कडक वाटतो, पण तो काहीच मागत नाही. ‘एककांची बेरीज 15, त्यातला हातचा एक राहिला. पुढची दोन गणितं हातचा वर लिहून कर, मी उद्या बघते’ हा शेरा जास्त मागतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारख्या दुरुस्त्या केल्या. काहींच्या वहीला फक्त एक चिठ्ठी जोडली: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत, आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, अशा अर्थाची. निबंध पुन्हा लिहिणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, सर्वाधिक कृष्णवर्णीय मुलांत, म्हणजे शाळेवरचा विश्वास ज्यांचा आधीच डळमळीत असतो त्यांच्यात. तिथले आकडे इथे आणू नयेत. पण घरात पहिल्यांदाच शाळा शिकणारं मूल ‘लक्ष देत नाही’ हे वाक्य कसं वाचत असेल, हा प्रश्न मात्र आपलाच आहे.

याचा सगळा दोष शिक्षकांवर टाकणं अन्यायाचं होईल. तीस मुलं, सात विषय, दोन सत्रं: 420 नोंदी. मग व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार नोंदी उतरवल्या जातात. आम्ही त्यांना हसत नाही. तयार वाक्य हे थकलेल्या माणसाचं वाक्य आहे. पण मग मागणी नोंदी वाढवण्याची नको, कमी करण्याची हवी. सत्राला प्रत्येक मुलाला दोनच शेरे, पण त्याची वही समोर ठेवून लिहिलेले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. तिथे मुलाने स्वतःचं मूल्यमापन करायचं आहे. मूल स्वतःविषयी कोणत्या भाषेत लिहील? जी त्याच्याविषयी वर्षानुवर्षं लिहिली गेली, त्याच. ‘मी लक्ष देत नाही’ असं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, तर ते मूल्यमापन कुणाचं म्हणायचं, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.