श्यामचे वळ शाळेत कोणी पाहिले असते तर

पोहायला घाबरून श्याम माळ्यावर लपतो. आई शिंपटीने मारत त्याला बाहेर काढते, विहिरीवर पाठवते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिचेच डोळे भरून येतात. आपण सगळे इथे रडलोय, मीही. पण परवा ‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना वाटलं, हे वळ शाळेत गुरुजींनी पाहिले असते तर?

प्रश्न थोडा अन्यायाचा आहे, कबूल. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आणि साने गुरुजी स्वतः मुलांवर जीव लावणारे शिक्षक. तरी या पुस्तकाने आपल्याला एक सवय लावली: वळ दिसला की त्यामागची माया शोधायची. १९५३ साली अत्र्यांनी सिनेमा केला, त्यात तर छडीवर गाणंच आलं. स्नेहसंमेलनात त्यावर आपण नाचलोही.

आता श्यामला कर्जत तालुक्यातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेत बसवा. बाई विचारतात, काय झालं रे? तो म्हणतो, पडलो. पडणाऱ्या पोराचे गुडघे, कोपरं, नडग्या खरचटतात. पाठ, मांड्या, कान सहसा नाही. काठीचा वळ बहुधा दोन समांतर रेघांचा असतो, मधली कातडी फिकी. त्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, शाळा सुटली तरी घरी न जाता रेंगाळणं. एकट्या खुणेने काही सिद्ध होत नाही. काळा चट्टा दुखण्यावर लावलेल्या बिब्ब्याचाही असू शकतो. दिवाळीनंतर कातकरी वाडीतली मुलं महिनोन्‌महिने दिसत नाहीत ती बहुतेकदा आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात. हे ठाऊक नसलेला शिक्षक भलत्याच घरावर संशय घेईल. (आणि मारझोड फक्त वाडीत होते असं समजू नका. सकाळची लोकल पकडणाऱ्या फ्लॅटमध्येही होते.)

मग काय करायचं? आपल्या सिनेमातला शिक्षक तडक घरी जाऊन बापाला झापतो. टाळ्या पडतात. खऱ्या घरात त्याची किंमत मूल त्याच रात्री मोजतं. बाईंचं काम कमी नाट्यमय आहे. बाजूला बसून ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावं लागणारच आहे. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत तारखेसह लिहायचे, मुख्याध्यापकांना कळवायचं, १०९८ ला फोन करायचा. जखम मोठी असेल तर आधी दवाखाना. पुढे बालकल्याण समिती आहे, आणि बाल न्याय कायद्याचं (२०१५) ७५ वं कलम ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेल्या क्रौर्याला गुन्हा मानतं.

पण या सगळ्याआधी एक अडचण आहे, आणि ती गाण्यातलीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमाने शाळेत मारायला बंदी घातली. तरी कपाटावरची पट्टी सगळीकडून गेलेली नाही. ती असलेल्या वर्गात मूल घरचा मार कुणाला सांगेल? श्यामचे वळही शेवटी पाहते ती मारणारीच.