वाहकाची आठवण आणि आपले स्मृतिवाङ्मय

मुंबईच्या रस्त्यांवरून जुन्या डिझेलच्या डबलडेकर गाड्या १५ सप्टेंबर २०२३ रोजी कायमच्या निवृत्त झाल्या, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतून आठवणींना एकच भरती आली. वरच्या मजल्यावरील पहिल्या बाकाची जागा, खिडकीतून हाताशी येणाऱ्या झाडांच्या फांद्या, पावसाळ्यात आत येणारा वारा, महाविद्यालयाच्या दिवसांतील ओळखी यांची वर्णने वाचकांनी आवडीने वाचली. या लेखनामागील जिव्हाळा खरा आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जिव्हाळा खरा असला म्हणजे लेखन वाङ्मयाच्या पदवीस पोचते असे नव्हे. ज्या वाहनाने शहरी माणसाच्या तीन पिढ्यांना घडविले, त्याच्या आठवणींनी आपल्या स्मृतिवाङ्मयात कोणती भर घातली, आणि कोणती घालावयाची राहिली, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न आहे.

बसच्या आठवणी दोन प्रकारच्या असू शकतात. एक प्रवाशाची, दुसरी त्या गाडीवर राबणाऱ्या माणसाची. आपल्याकडे जे लिहिले गेले त्यातील बहुतांश पहिल्या प्रकारात मोडते. त्याची वाङ्मयीन वंशावळही उघड आहे. १९३३ च्या सुमारास ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ने आणि त्यापाठोपाठ अनंत काणेकरांच्या ‘पिकली पाने’ने मराठीत जो लघुनिबंध रुजविला, त्यातील ‘मी’ हा एक निवांत, प्रसन्न, थोडासा मिस्कील असा द्रष्टा होता. क्षुल्लक वस्तूकडे नव्या कोनातून पाहावे, तिच्या निमित्ताने आपल्या मनाचा एखादा कोपरा उजळावा आणि हलकेच निरोप घ्यावा, ही त्याची रीत. बसमधला प्रवासी या ‘मी’ला अगदी सोयीचा पडला. तिकीट काढले की त्याचे कर्तव्य संपते. उतरण्याचे ठिकाण येईपर्यंत तो केवळ प्रेक्षक असतो. गाडी चालविण्याची चिंता त्याला नाही, हिशेबाची नाही, आणि समोर जे घडते आहे त्यात हात घालण्याचीही नाही. लघुनिबंधाला हवी असलेली जबाबदारीमुक्त अवस्था त्याला आयतीच लाभते.

या प्रवासी-दृष्टीचे सामर्थ्य कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. प्रतिभावंताच्या हाती ती किती खोल जाऊ शकते याचे प्रत्यंतर अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या १९७६ च्या इंग्रजी संग्रहाने दिले आहे. संग्रहाचा आरंभच राज्य परिवहनाच्या बसमधील प्रवासाने होतो. समोर बसलेल्या वृद्धाच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला आपला चेहरा दुभंगलेला दिसतो. वृद्धाच्या मनात शिरण्याचा मार्ग मात्र त्याला सापडत नाही. देवस्थानाकडे निघालेल्या, पण भाविक नसलेल्या माणसाची सारी कोंडी त्या एका प्रतिमेत सामावली आहे. येथे प्रवासी आपल्या प्रेक्षकपणाची मर्यादा ओळखतो, म्हणूनच तो अनुभव काव्य होतो. सामान्य स्मरणलेखात नेमकी हीच ओळख नसते. तेथे प्रेक्षकपणाचाच गौरव होतो, आणि तिकीट देणारा हात कोणाचा होता हे विचारण्याची आठवणच राहत नाही.

तो हात ज्याचा होता, त्या माणसाची आठवण प्रवाशाच्या आठवणीहून केवळ निराळ्या मजकुराची नसते, तिचा आकृतिबंधच वेगळा असतो. प्रवाशाच्या लेखी बसचा प्रवास म्हणजे दोन ठिकाणांमधील एक सरळ रेषा. वाहकाच्या लेखी ते एक वर्तुळ आहे. तोच मार्ग, तेच थांबे, तेच टप्पे दिवसातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे. प्रवाशाला एकदा घडलेली घटना आठवते. वाहकाला हजारदा घडलेली. मुंबईत घंटीचा एक ठोका थांबण्याचा आणि दोन ठोके निघण्याचे, हे संकेत ज्याच्या मनगटात मुरले, त्याची स्मृती शब्दांआधी हालचालींतून बोलते. प्रत्येक टप्प्यावर तिकिटांचे अनुक्रमांक वे-बिलावर नोंदवावयाचे, दिवसाखेर रोकड आणि तिकिटे यांचा मेळ घालावयाचा, आणि तूट आली तर ती पदरची भरावयाची. ज्याच्या प्रत्येक दिवसाचा शेवट असा जमाखर्चात होतो, त्याच्या आठवणीला एक अंगभूत काटेकोरपणा येतो. हळवेपणावर त्याहून चांगला उतारा नाही.

एकच उदाहरण घेऊ. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही सुधारणा एका वाक्यात आटोपते. प्रवाशाच्या आठवणीत ती फार तर एक गंमत म्हणून उरते. पण एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि सव्वा पैशाचे नाणे कोणाच्याच खिशात नसते. त्या पावाचा वाद प्रत्यक्षात कोठे झाला असेल? राज्यकर्त्यांच्या दालनात नव्हे. चालत्या गाडीत, उभ्या प्रवाशांच्या गर्दीत, जुनी आणि नवी नाणी एकाच पिशवीत वागवणाऱ्या वाहकापुढे. राष्ट्राच्या जीवनातील एक स्थित्यंतर ज्या तळहातावरून गेले, त्या तळहाताची साक्ष आपल्या वाङ्मयात किती उमटली आहे?

शहराशहरांतील कामाच्या रीतीही या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. मुंबईचा वाहक गर्दीतून वाट काढीत प्रवाशांपर्यंत जातो. दिल्लीत मागील दाराजवळच्या आपल्या आसनावर वाहक बसलेला असतो आणि चढणारा प्रवासी त्याच्याकडे येतो. पहिल्याच्या वाट्याला माणसांचे स्पर्श, धक्के आणि अर्धवट ऐकू येणारी संभाषणे. दुसऱ्याच्या वाट्याला एका ठिकाणाहून पाहिलेली चेहऱ्यांची अखंड रांग. एक निवेदक फिरता, दुसरा स्थिर. कादंबरीच्या समीक्षेत आपण निवेदकाच्या स्थानाची इतकी चर्चा करतो. येथे दोन शहरांनी दोन निवेदनपद्धती आपण होऊन निर्माण केल्या आहेत.

दिल्लीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. त्या शहराच्या उत्तरेस, टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी, एक मराठी नाव आजही रोज उच्चारले जाते. ते नाव हिंदूराव. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ हिंदूराव हा दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई हिचा भाऊ. बायजाबाईने १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. ती सत्ता गेल्यावर हिंदूराव दिल्लीत स्थायिक झाला, आणि १८३५ साली खून झालेल्या विल्यम फ्रेझरचा टेकडीवरील वाडा त्याच्याकडे आला. १८५७ पूर्वीच तो वारला. पण त्या वर्षीच्या वेढ्यात इंग्रजांचे एक मुख्य ठाणे त्याच्याच वाड्यात होते, त्यामुळे युद्धाच्या बखरींत त्याचे नाव शिरले. पुढे तेथे रुग्णालय झाले आणि नाव रुग्णालयाला चिकटले. खालच्या वस्तीला बाडा हिंदूराव म्हणतात. हिंदीतला ‘बाडा’ आणि आपला ‘वाडा’ हे एकाच कुळातले शब्द आहेत.

या माणसाची कीर्ती सांगणारे काव्य मराठीत गाजलेले नाही. त्याचे नाव जिवंत राहिले ते पत्त्यांत, थांब्यांच्या पाट्यांवर आणि वाहकांच्या हाकांत. योगायोग असा, की स्वातंत्र्यापूर्वी दिल्लीच्या बसगाड्यांचा परवाना ज्या कंपनीकडे होता तिचे नाव ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट. तिची सेवा अपुरी पडते असे ठरवून केंद्र सरकारने मे १९४८ मध्ये ती आपल्या हाती घेतली. १९५८ मध्ये ती महानगरपालिकेचा उपक्रम झाली आणि १९७१ मध्ये दिल्ली परिवहन निगम अस्तित्वात आला. त्याच उन्हाळ्यात, १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरकडे राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. नव्या राष्ट्राच्या वाहतुकीचे दोन आरंभ काही आठवड्यांच्या अंतराने झाले, आणि दोहोंवर राबणाऱ्यांच्या आठवणींचे भवितव्य मात्र सारखेच ठरले.

मराठीपुरते बोलावयाचे, तर श्रमिकाच्या प्रवासस्मृतीचा एक थोर नमुना आपल्यापाशी आहे, आणि तो याच घराण्याच्या सावलीत जन्मला. बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असे ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. घरचे कर्ज फेडावयाचे होते आणि दक्षिणेची आशा होती. वाटेत त्यांना बंडाचा वणवा भेटला, झाशीचा वेढा भेटला, लुटारू पुनःपुन्हा भेटले; शेवटी ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ची थोरवी कशात आहे? गोडसे भटजी प्रेक्षक म्हणून निघालेले नव्हते. पोटासाठी निघालेला माणूस वाटेने जे पाहतो त्यात पैशाचा हिशेब असतो, पायांचे दुखणे असते, जेवणाची चिंता असते; आणि म्हणूनच त्या चिंतेच्या पलीकडे जाऊन तो जेव्हा एखादे नगर जळताना पाहतो, तेव्हा त्याच्या शब्दावर आपला विश्वास बसतो. भिक्षुकी हा व्यवसाय आणि वाहकाची नोकरी यांत अंतर आहे, हे मान्यच. पण रस्त्यावरून पोट भरणाऱ्याची दृष्टी दोघांत समान आहे.

त्याच ग्रंथाचा मुद्रणेतिहास आपल्याला सावधही करतो. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा संपादकाचा हात मूळ लेखनावरून फिरला होता. मूळ हस्तलिखिताचे रूप दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली वाचकांपुढे आणले. म्हणजे प्रकाशनानंतर सुमारे साठ वर्षे मराठी वाचक गोडशांना दुसऱ्याच्या मुखातून ऐकत होता. वैद्यांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून हा ग्रंथ आपल्याला कदाचित मिळालाच नसता. परंतु सुशिक्षित मध्यस्थ श्रमिकाच्या स्मृतीला जेव्हा सभ्य पोशाख चढवितो, तेव्हा नेमके काय गमावले जाते, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येते.

आज बससेवकांच्या आठवणी आपल्यापर्यंत पोचतात त्या बहुधा अशाच मध्यस्थांकरवी. राज्य परिवहनाच्या पहिल्या गाडीच्या वाहकाने वृद्धापकाळी सांगितलेल्या आठवणी वृत्तपत्रांनी छापल्या, हे चांगलेच झाले. पण वर्धापनदिनाच्या निमित्ताने विचारलेल्या प्रश्नांना वर्धापनदिनाचीच उत्तरे मिळतात. दुसरा मार्ग कीर्तीचा. मुंबईच्या बसवर वाहक असलेले बद्रुद्दीन काझी पुढे जॉनी वॉकर झाले; बंगळूरच्या मराठी घरातील शिवाजीराव गायकवाड तेथील बसवर वाहक होते, ते पुढे रजनीकांत झाले. त्यांच्या चरित्रांत बस येते, ती उत्कर्षाच्या जिन्याची पहिली पायरी म्हणून. नकला करून प्रवाशांना हसविणारा वाहक किंवा तिकीट देण्याची ऐट असलेला वाहक आपल्याला भेटतो; कारण पुढचा नट आपल्याला आधीच ठाऊक असतो. जो वाहक निवृत्तीपर्यंत वाहकच राहिला, त्याच्या आयुष्याला अर्थ देणारा हा शेवट नसतो. त्याला आपला अर्थ वे-बिलातूनच काढावा लागतो, आणि वाङ्मयाचे खरे काम तेथे सुरू होते.

यावर एक आक्षेप संभवतो. पुनरावृत्ती ही कलेची शत्रू आहे. रोज तेच करणाऱ्याने लिहिलेले कंटाळवाणे होणार, किंवा ते केवळ माहिती ठरणार, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर सिद्धांताने नव्हे, कृतींनीच द्यावे लागते. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हे संग्रह घेऊन नारायण सुर्वे आले, तोपर्यंत कामगाराचा दिनक्रम हा काव्याचा विषय असला तरी काव्याचा स्वर झालेला नव्हता. लंडनमध्ये बस चालविणाऱ्या मॅग्नस मिल्सची पहिली कादंबरी १९९८ साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आली. २००९ साली त्याने बसच्या नोकरीवरच ‘द मेंटेनन्स ऑफ हेडवे’ ही छोटी कादंबरी लिहिली. दोन गाड्यांमधील अंतर कायम राखणे, एवढाच तिचा विषय. प्रवाशाला उशिराचा राग येतो. त्या कादंबरीतील निरीक्षकांना वेळेआधी धावणारी गाडी अधिक अक्षम्य वाटते. या एका उलटापालटीतून नियम, आज्ञापालन आणि मानवी हट्ट यांविषयीचा सूक्ष्म विनोद लेखक उभा करतो. पुनरावृत्ती येथे दोष राहत नाही, ती रचनेचे तत्त्व होते. ओव्या म्हणत जात्याभोवती हात फिरविणाऱ्या स्त्रियांची परंपरा ज्या भाषेत आहे, तिला हे वेगळे शिकवावे लागू नये.

तेव्हा समीक्षेने काय करावे? वाहकाने लिहिले म्हणून ते थोर, असा उलटा पक्षपात मला मान्य नाही. सेवकाच्या आठवणीतही आत्मगौरव शिरतो, तक्रारीचा सूर एकसुरी होतो, किस्से साचेबंद होतात. तिलाही कठोर कसोटी लावलीच पाहिजे. मात्र ती लघुनिबंधाची नसावी. भाषा किती सफाईची, यापेक्षा ती कामाच्या किती जवळ आहे. प्रसंग किती रंजक, यापेक्षा तो रोजच्या रहाटातून कसा वर आला. आणि ‘मी’ किती आकर्षक, यापेक्षा त्या ‘मी’ला समोरची माणसे किती दिसली, हे पाहावे. संपादकांनी प्रमाणभाषेची कात्री जपून चालवावी. संशोधकांनी वर्धापनदिनाची वाट न पाहता ऐकावयास बसावे आणि सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत.

याला काळाचे बंधन आहे. १९५७ साली जो विशीत होता, तो आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे किंवा त्यापलीकडे गेला आहे. दिल्लीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा राजधानीत आले. या दोन संमेलनांमधील सात दशकांत त्या शहराच्या गाड्यांवर एक मराठी नाव अखंड उच्चारले गेले. ते उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांना हिंदूराव कोण होता हे ठाऊक असण्याची गरजही नव्हती. ज्यांनी आपले नाव इतकी वर्षे सांभाळले, त्यांची एकही आठवण सांभाळण्याची तसदी आपण घेतली नाही, तर स्मृतिवाङ्मयाचे वैभव म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते केवळ खिडकीजवळच्या बाकांचे वाङ्मय ठरेल.