शीव कुणी दाखवायची?

तालुक्याच्या गावी वाचनालयात व्याख्यान होतं. विषय, 'रायगड जिल्ह्याचा इतिहास'. वक्ते व्यासंगी. दीड तास बोलले. राज्याभिषेक झाला, आंग्र्यांचं आरमार झालं, बंदरं झाली, देवळं झाली. मी शेवटच्या बाकावर महाडची वाट बघत बसलो होतो.

महाड आलं. एकाच वाक्यात आलं. 'पुढे चवदार तळे सर्वांना खुले झाले.' की लगेच पुढचा मुद्दा.

मला या 'झाले'बद्दल बोलायचंय. तळं काय आपोआप खुलं होतं? १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली. त्यावर आमची डोकी फुटली. तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' झालं. ऑगस्टात पालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. पाणी पिल्यापासून दहा वर्षं! ती सगळी एका 'झाले'त गाडली. त्या वाक्याला कर्ताच नाही. डोकं फोडणारा सुटला आणि ज्याचं फुटलं तोही गायब.

वक्ते खोटं बोलले नाहीत. खोटं असतं तर खोडता आलं असतं.

मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली. मग आभार, हार, चहा.

रानड्यांनी १८७५ ला पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. अशा मालांनी लोकांना शहाणं केलं, हे मी नाकारत नाही. पण वर एकानं बोलायचं आणि खाली सगळ्यांनी ऐकायचं, या रीतीत आमच्या वाट्याला कायम ऐकणंच आलं.

आणि गंमत बघा. पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराला बोलवायचे. तो दाखवील ती शीव. त्याचा शब्द पुरावा. ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, बरंच झालं. पण गावाच्या जमिनीला आमची साक्ष चालत होती, मग गावाच्या इतिहासाला का चालू नये?

पुढच्या व्याख्यानाला वक्त्याशेजारी एक खुर्ची जास्त टाका. ज्यांचे आजे-पणजे तळ्यावर गेले, त्यांच्या घरातलं कुणी तिच्यावर बसवा. आधी त्याला बोलू द्या.

नसेल जमत तर राहू द्या. आमच्या समाजमंदिरात सतरंजी आहे.